किल्पेकचा कुत्रा, ससा आणि नौपाड्यातलं फ्रेमिंगचं दुकान

पाच स्टार देतेय. काम चार दिवस उशिरा मिळालं तरी पाचच, आणि उशीर का झाला ते पुढे लिहिलंय. रिव्ह्यू लांबलाय त्याबद्दल सॉरी, पण ज्यांना कुठल्या देवळाचे, लेण्यांचे, मूर्तींचे फोटो मोठे करून भिंतीवर लावायचेत त्यांनी पूर्ण वाचा, माझे पैसे एकदा वाया गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

मी ठाण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. मे महिन्यात ताईकडे वेल्समधल्या कार्डिफला गेले होते. भावोजींनी विचारलं कुठे फिरायचंय, मी म्हटलं किल्पेक. ते तिथे इतकी वर्षं राहतात पण नाव ऐकलं नव्हतं त्यांनी. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरमधलं छोटंसं गाव आहे, वेल्सच्या बॉर्डरजवळ, ॲबरगॅव्हेनीवरून हेरफर्डला जो ए ४६५ रस्ता जातो त्याच्या थोडं आत. गावात एक चर्च आहे, सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड, साधारण ११४० च्या सुमाराचं. चर्चच्या मागे पश्चिमेला जुन्या गढीचा गवताने झाकलेला उंचवटा आणि भिंतीचे थोडे अवशेष, बाकी शेतं आणि मेंढ्या. तिकीट नाही, रांग नाही. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक आजोबा होते फक्त.

चर्च एवढंसं आहे, आपल्याकडच्या एखाद्या गावच्या देवळाएवढं, पण त्याच्या दगडावर जे कोरलंय ना ते बघून मी दोन तास तिथून हलले नाही. दक्षिणेच्या दाराभोवती इंचभर जागा मोकळी सोडलेली नाहीये. दाराच्या वर अर्धगोलात एक वेल की झाड, त्याला जीवनवृक्ष म्हणतात, बाजूच्या खांबांवर एकमेकांत गुंतलेले सर्प, एका खांबावर वेलीच्या जाळ्यात अडकलेले दोन सैनिक, एकावर एक, आणि उजवीकडच्या खांबाच्या डोक्यावर एक चेहरा ज्याच्या तोंडातून पानं बाहेर पडतायत. ग्रीन मॅन म्हणतात त्याला. मला तर बघताक्षणी आपलं कीर्तिमुख आठवलं. कमानीत चोची असलेली डोकी ओळीने बसवलेली. आणि छपराच्या खाली चर्चच्या चारी बाजूंनी दगडी टेके आहेत, कॉर्बेल म्हणतात, आपल्या जुन्या वाड्यांच्या सज्ज्याखाली लाकडी घोडे असतात ना तसे. मूळचे ९१ होते म्हणतात, त्यातले ८५ आजही आहेत. प्रत्येकावर वेगळं काहीतरी, कुठे तंतुवाद्य वाजवणारा माणूस, कुठे मेंढा, कुठे अस्वल, कुठे नुसतंच विचित्र तोंड. एकावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत. लोंबते कान, मोठाले डोळे. जवळजवळ ९०० वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी घेऊन बसून हे केलं आणि आज माझ्या सहावीतल्या पोरांना दाखवलं तर ती पटकन म्हणतात टीचर हे कार्टून आहे! मला त्यात त्या कारागिराचा अपमान वाटत नाही, उलट वाटतं की पोरांपर्यंत थेट पोचलं.

दगड तिथलाच, लालसर वाळूचा दगड, ओल्ड रेड सँडस्टोन. ज्या कारागिरांनी हे केलं त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, त्यांच्या कामाला हेरफर्डशायर स्कूल म्हणतात, स्कूल म्हणजे इथे शैली, त्या भागातल्या बऱ्याच चर्चमध्ये त्यांच्या हातचं काम सापडतं. पण किल्पेकइतकं टवटवीत कुठे नाही. नंतरच्या काळात चर्च मोठं करायच्या नादात कुणी ते पाडलं नाही, आजही मूळचा आराखडा तसाच आहे, समोर लांबट दालन, मग एक छोटं, मग टोकाला अर्धगोल. १८४८ साली डागडुजी झाली पण कोरीवकाम जिथल्या तिथे राहिलं. याच कारागिरांचं दुसरं काम शॉब्डन नावाच्या गावात होतं, तिथलं जुनं चर्च १७५० च्या दशकात पाडून नवं बांधलं आणि जुन्या कमानी नेऊन टेकडीवर उघड्यावर शोभेसाठी उभ्या केल्या. पावसा-वाऱ्याने त्यातलं कोरीवकाम आता इतकं झिजलंय की फोटोत काय आहे ते सांगावं लागतं. त्या कमानींचे प्लास्टरचे साचे घेऊन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवले होते, तर १९३६ मध्ये ती इमारतच जळाली. हे मी इथे लिहितेय कारण दुकानातल्या काकांशी माझं जे बोलणं झालं त्याच्याशी याचा थेट संबंध आहे.

तर मी फोटो काढले दोनशेच्या वर, फोनवरच. आभाळ होतं पण मधून मधून बाजूने ऊन यायचं, आणि तिरकं ऊन आलं की कोरीवकाम एकदम उठून दिसायचं, दगडातून बाहेर आल्यासारखं. घरी आल्यावर ठरवलं की पाच फोटो घरासाठी आणि दोन शाळेच्या ड्रॉइंग रूमसाठी मोठे करायचे.

पहिल्यांदा एका ऑनलाइन प्रिंटिंगवाल्याकडे ऑर्डर दिली, नाव लिहीत नाही. ॲपवर अपलोड करा, साइज निवडा, पैसे भरा, झालं. प्रिंट आला तर मला रडूच आलं. त्यांच्या सिस्टिमने फोटो आपोआप सुधारून टाकला होता. सावल्या उजळल्या, दगडाचा खरखरीतपणा गुळगुळीत केला, लालसर दगड कुंडीसारखा नारिंगी, आणि दगडावर जे पांढरट-करडे शेवाळासारखे डाग होते ते तर गायबच. कुत्र्याचं तोंड मेणाचं वाटत होतं. वर ग्लॉसी पेपर, ट्यूबलाइट लावली की त्यात ट्यूबलाइटच दिसायची. तक्रार केली तर उत्तर आलं की प्रिंट डिफेक्टिव्ह नाहीये. म्हणजे त्यांच्या दृष्टीने नव्हताच. पैसे गेले.

मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी हे दुकान सांगितलं. नौपाड्यात, गोखले रोडवरून आतल्या गल्लीत, पुढे काउंटर आणि मागे फ्रेम कापायची जागा, बाहेरून बघाल तर देवांच्या फोटोंचं आणि लग्नाच्या कोलाजचं दुकान वाटेल. मीही जरा साशंक होऊनच आत गेले. काका साठीच्या पुढचे असतील, कम्प्युटरवर त्यांचा मुलगा बसतो आणि एक मदतीला पोरगा आहे.

मी सवयीप्रमाणे म्हटलं की नंबर द्या व्हॉट्सॲप करते. मुलगा म्हणाला, नको मॅडम, व्हॉट्सॲपवर फोटो बारीक होतो, ड्राइव्हवर टाका नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग मूळ फाइल उघडून साइज सांगितला, ४०३२ बाय ३०२४ पिक्सेल, म्हणजे २० बाय १५ इंचावर २०० डीपीआय, इंचाला २०० ठिपके, मिळतो, भिंतीवर लावून तीन-चार फुटांवरून बघायला भरपूर, त्यापेक्षा मोठं करू नका फुटेल. मी २४ बाय १८ सांगायच्या तयारीत होते, त्यात त्यांना पैसे जास्त मिळाले असते, तरी नाही म्हणाले.

आणि मग काका उठून स्क्रीनजवळ आले, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "उजेड कुठून येत होता?"

मी म्हटलं डावीकडून, वरून. ते म्हणाले बरोबर, मग ही उजवीकडची काळी बाजू आहे तशी ठेवायची, उजळली तर सशाचं नाक जाईल. अगदी हेच झालं होतं त्या ऑनलाइनवाल्याकडे, नाक गेलं होतं! मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभ्या उभ्या त्यांना किल्पेकचं सगळं सांगितलं, शॉब्डनच्या कमानींचं पण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाले, डागाला हात लावायचा नाही, रंग जसा आहे तसा.

पण नुसतं बोलून थांबले नाहीत. कुत्र्याचा एक डोळा आणि कानाची कड एवढाच भाग घेऊन चार इंचांची पट्टी छापली, तीन वेगवेगळ्या सेटिंगमध्ये, एकाखाली एक. ती पट्टी दुकानाच्या बाहेर नेऊन उजेडात धरली आणि मला म्हणाले तुम्ही सांगा, दगड तुम्ही पाहिलाय मी नाही. पहिल्यात लाल जास्त होता. तिसऱ्यात डोळ्याच्या खोबणीत नुसता काळा ठिपका. मधल्यात डोळ्याभोवतीची कोरलेली कड दिसत होती, खोबणीच्या आतसुद्धा दगडाचे कण दिसत होते, आणि कानावरचा करडा डाग अगदी तसाच. मधली फायनल केली. या पट्टीचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

पेपर मॅट घेतला, जाड, हाताला कापसासारखा लागतो. फोटो पेपरपेक्षा महाग आहे पण दगडासाठी हाच घ्या, ग्लॉसी अजिबात नको. शाई पिगमेंटची वापरतात, लवकर उडत नाही म्हणतात, ते मला दोन वर्षांनी कळेल तेव्हा एडिट करेन. फ्रेमसाठी मी सागवान सांगणार होते, काकांनीच साधी काळपट लाकडी पट्टी दाखवली, एक इंचाची, नक्षी नसलेली, कारण आत एवढी नक्षी असताना बाहेर आणखी कशाला. पटलं.

आता ठाण्यात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि फोटो काचेला चिकटतो, मग त्यावर बुरशी धरते, माझ्या आईच्या लग्नाच्या फोटोचं तेच झालंय. इथे फोटोच्या चारी बाजूंनी जाड माउंट बोर्ड लावतात, त्यामुळे काच आणि फोटो यांच्यात फट राहते. मागून बोर्ड बसवून कडेने टेप पक्की मारतात आणि मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांत छोट्या रबरी गुंड्या लावतात म्हणजे फ्रेम भिंतीला घासून बसत नाही, मागून हवा खेळती राहते. जुलैचा पूर्ण महिना गेला, सगळ्या फ्रेम कोरड्या आहेत. काच साधी घेतली तर स्वस्तात होतं पण खिडकीसमोरच्या भिंतीला लावणार असाल तर नॉन-रिफ्लेक्टिव्हच घ्या, मी दोन फ्रेमना घेतली आणि फरक रोज दिसतो. २० बाय १५ ची एक फ्रेम साध्या काचेत मला साधारण दोन हजारांच्या आत पडली, दुसऱ्या काचेत त्याच्या वर गेली. स्वस्त नाहीये. पण आधीचे वाया गेलेले धरले तर मला हेच स्वस्त पडलं असतं.

आता उशिराचं. सात फोटोंतला एक किल्पेकचा नव्हता, आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा होता. मला शाळेत दोन्ही शेजारी शेजारी लावायचे होते. अंबरनाथचं देऊळ शिलाहारांचं, तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, किल्पेकच्या साधारण ऐंशी वर्षं आधीचं. त्या वेळी शिलाहारांची राजधानी इथेच होती, श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणे. मुलांना दाखवायचं होतं की इकडे वालधुनीच्या काठी काळ्या दगडावर हे चाललं होतं आणि तिकडे त्या एवढ्याशा गावात लाल दगडावर ते, दोघांनी एकमेकांचं काही पाहिलेलं नाही, तरी दोघांनाही दाराजवळ तोंडं, वेली, प्राणी हवेत. एलिमेंटरीच्या मुलांना मी नक्षीकामात वेल काढायला देते तेव्हा ती सगळी एकसारखी पुस्तकातली वेल काढतात, त्यांना खऱ्या वेली दाखवायच्या होत्या.

तर अंबरनाथचा प्रिंट पहिल्यांदा काळाकुट्ट आला. बेसॉल्ट आहे तो, उजेड पिऊन टाकतो, सावलीतली अर्धी मूर्ती दिसेना. मी घ्यायला गेले गुरुवारी ठरल्याप्रमाणे, बाकी सहा तयार होते, हा काकांनी स्वतःहून बाजूला काढून ठेवला होता. मी म्हटलं चालेल, असू दे, शाळेतच लावायचाय. ते म्हणाले नाही चालणार, लाल दगडाला सावली राखली आणि काळ्या दगडाला पण तेच सेटिंग मारलं ही आमची चूक, सोमवारी या. परत पट्टी छापली, परत बाहेर नेऊन पाहिली, आणि सोमवारी जो प्रिंट दिला त्यात मूर्तीच्या कमरेवरच्या मेखलेचा एकेक मणी मोजता येतो. जास्तीचा एक रुपया घेतला नाही. म्हणून अर्धा स्टार कापायचं मनात आलं नाही.

अजून एक सांगायचंय, बायकांनी विशेष वाचावं. किल्पेकच्या टेक्यांमध्ये एक शीला-ना-गिग आहे, उघडी स्त्रीआकृती, दोन्ही हातांनी योनी फाकवून दाखवणारी. जगात प्रसिद्ध आहे ती. विद्वानांत वाद आहे, कुणी म्हणतं वासनेविरुद्धचा इशारा, कुणी म्हणतं वाईट नजर टाळायला. मला तो फोटो हवाच होता पण दुकानात द्यायला संकोच वाटत होता. काउंटरवरचा पोरगा स्क्रीनवर बघून हसला. काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मला विचारलं, मॅडम, ही कुठली देवी? मी म्हटलं देवी नाही, पण आपल्याकडे लज्जागौरी असते ना, पाय फाकवून बसलेली मातृदेवता, तेर-भोकरदनकडे सापडलेली, ती बघितल्यावर ही परकी वाटत नाही. ते म्हणाले मग नीटच छापू. आणि बाकीच्यांसारखीच छापली, तेवढ्याच काळजीने, देताना उलटी करून कागदात गुंडाळून दिली म्हणजे रिक्षात अवघडायला नको. घरी सासूबाई काय म्हणतील ही धाकधूक होती. त्यांनी चष्मा लावून बघितलं, म्हणाल्या, "अगं, केवढ्याशा अंगात केवढं धैर्य दिलंय हिला," आणि त्यांच्याच खोलीत लावायला सांगितली. त्या स्वतः धाराशिवकडच्या आहेत, तेर तिथलंच.

कमी काय आहे तेही लिहिते. पार्किंग अजिबात नाही, गाडी नेऊच नका, स्टेशनवरून चालत जा नाहीतर रिक्षा करा. फोन उचलत नाहीत, मेसेजला संध्याकाळी उत्तर येतं. भिंतीला लावायचे हुक जे देतात ते हलके आहेत, काच धरून फ्रेमचं वजन बऱ्यापैकी होतं, तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून चांगले घ्या आणि ड्रिल मारून प्लग बसवा. पॅकिंग जुन्या वर्तमानपत्रात करतात, कोपऱ्यांना पुठ्ठा लावायला सांगावं लागतं, सांगितलं की लावतात. होम डिलिव्हरी नाही.

कुत्रा आणि ससा आमच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये लावलाय, चप्पल काढताना समोर येतो. शेजारची चार वर्षांची मुलगी रोज येऊन सशाच्या कानाला काचेवरून हात लावते, काचेवर तिचे ठसे असतात, मी पुसते, परत उमटतात. शाळेत ग्रीन मॅन आणि अंबरनाथ शेजारी लागले त्या आठवड्यात सातवीच्या एका मुलाने जी वेल काढून आणली ती एका माणसाच्या नाकातून निघाली होती. मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

परवा परत गेले होते एक आठवा फोटो घेऊन. अर्ड्सली नावाच्या गावातल्या चर्चमध्ये त्याच कारागिरांच्या परंपरेतलं दगडी बाप्तिस्मापात्र आहे, त्यावर दोन योद्धे लढतायत, सगळं गोफासारख्या पट्ट्यांमध्ये गुंतलेलं. मला फार आवडलेलं पण फोटो चर्चच्या आत काढलेला, उजेड समोरून सपाट पडलेला आणि माझा हात हललेला. मुलाने स्क्रीनवर मोठा करून बघितला, काकांनी बघितला. म्हणाले मॅडम हा छापून तुम्हाला समाधान होणार नाही, यात सावलीच नाहीये, आम्ही वरून काय घालणार. पुढच्या वेळी ताईकडे जाल तेव्हा सकाळी जा आणि बाजूने काढा, तोपर्यंत पोस्टकार्ड साइज हवा तर देतो. पोस्टकार्ड साइज घेतला, तीस रुपये. दुकान रविवारी बंद असतं, बाकी दिवस अकरानंतर जा.